तोंडी अदलाबदल

महाराष्ट्र शासनाच्या महसूल विभागाने ३ जानेवारी २०२३ रोजी एक शासन निर्णय काढला. विषय अगदी कोरडा होता. एकमेकांच्या शेतजमिनी वर्षानुवर्षे कसत असलेल्या शेतकऱ्यांनी ती अदलाबदल रीतसर नोंदवून घ्यायची ठरवली, तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी नाममात्र घ्यायची, एवढाच. योजनेला नाव मात्र दिले ‘सलोखा’. महसुलाच्या दप्तरात असा शब्द क्वचितच भेटतो. आकार, बोजा, नजराणा, पोटखराबा ही तिथली नेहमीची भाषा. माणसांचे आपसांत बरे चालले आहे की नाही, याला सातबाऱ्यावर रकाना नाही. मग शुल्काच्या सवलतीला हे नाव का द्यावेसे वाटले? त्यासाठी आधी गावात जमिनीची अदलाबदल कशी होते आणि कायदा तिला काय म्हणतो, हे पाहावे लागते.

समजा, एका गावात गट १४२ आणि गट १५७ अशा दोन जमिनी आहेत. १४२चा सातबारा एका घराच्या नावावर, १५७चा दुसऱ्या घराच्या. प्रत्यक्षात पहिले घर १५७ कसते आणि दुसरे १४२. असे का झाले, याची कारणे गावागणिक वेगळी असली तरी ओळखीची असतात. एकाची विहीर ओढ्याच्या अलीकडे आणि शेत पलीकडे. दुसऱ्याला घरापासून शेतापर्यंत जायला वाटच नाही, वाट आहे ती शेजाऱ्याच्या उभ्या पिकातून. भावाभावांच्या वाटणीत दूरचा तुकडा वाट्याला आला आणि त्याला लागून असलेल्या शेजाऱ्याचा तुकडा नेमका आपल्या वस्तीला खेटून. दोन कर्ते पुरुष एका उन्हाळ्यात बांधावर बसून ठरवतात, आणि मृगाला औते बदललेल्या शेतांत शिरतात. कागद कोणी करत नाही. एक कारण खर्च, दुसरे म्हणजे शेजाऱ्याकडे कागद मागणे हा त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखे होते. मला यातले दुसरे कारण अधिक बलवान वाटते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. शेताला क्रमांक असतो ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही. इंग्रजांच्या रयतवारी पाहणीत, गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून जी पद्धत बसवली, तिच्यातून सर्व्हे नंबर गावोगाव आले. त्याआधी शेतांना नावे असत, आणि बोलण्यात ती आजही आहेत. वडाचा माळ, खालची पट्टी, आजीची विहीर. अदलाबदल करणाऱ्यांनी ‘वडाचा माळ’ दिला आणि ‘खालची पट्टी’ घेतली. नंबर दप्तरात होते तिथेच राहिले. ही पिढी हयात असेपर्यंत या दोन भाषांत काही भांडण होत नाही. मुलांनाही ठाऊक असते. नातवंडे मात्र पुण्या-मुंबईत किंवा नाशकात वाढतात, ‘वडाचा माळ’ कुठे हे त्यांना सांगता येत नाही, त्यांना मोबाइलवर सातबारा दिसतो.

आणि मग एखादा प्रसंग येतो. रस्ता किंवा कालवा जातो, भूसंपादनाची नोटीस निघते, ती कागदावरच्या धन्याच्या नावाने. तीस वर्षे जमीन सुधारली, दगड वेचले, ठिबक बसवले ते एका घराने, आणि मोबदल्याचा धनादेश दुसऱ्याच्या नावाचा. पीककर्जाला सातबारा लागतो, पीकविम्याला लागतो. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतःच फोनवरून करायची, आपला गट निवडून, शेतात उभे राहून छायाचित्र काढून. अदलाबदल केलेला शेतकरी इथे अडतो. त्याच्या खात्यावर गट १४२ आहे, आणि त्याचा ऊस उभा आहे १५७मध्ये. तलाठी पाहणीला येत असे तेव्हा ‘आमचं तसंच आहे, भाऊसाहेब’ म्हणून भागत होते. फोनला असे सांगता येत नाही.

आता कायदा. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात अदलाबदलीला स्वतंत्र प्रकरण आहे, पण फक्त तीन-चार कलमांचे. कलम ११८ व्याख्या करते: दोन व्यक्ती एका वस्तूच्या मालकीच्या बदल्यात दुसऱ्या वस्तूची मालकी परस्परांना देतात आणि दोन्ही बाजू केवळ पैशाच्या नसतात, ती अदलाबदल. त्याच कलमात पुढे म्हटले आहे की, अशी देवघेव पुरी करायची ती विक्रीला जी रीत लागू आहे त्याच रीतीने. कलम १२० सांगते की, प्रत्येक पक्ष जे देतो त्यापुरता विक्रेता आणि जे घेतो त्यापुरता खरेदीदार. म्हणजे बांधावर बसलेल्या दोघांनी ‘तुझं मला, माझं तुला’ एवढेच केले, पण कायद्याच्या हिशेबी तिथे दोन विक्रीव्यवहार झाले. विक्री म्हटली की नोंदणीकृत दस्त आला, दस्त म्हटला की मुद्रांक आला. महाराष्ट्राच्या मुद्रांक अधिनियमात अदलाबदलीच्या दस्ताला खरेदीखताच्याच दराने शुल्क आहे. दोन मिळकतींपैकी जिचे बाजारमूल्य जास्त, तिच्यावर. दोन्हींवर घेत नाहीत, हा त्यातला दिलासा. पण या व्यवहारात रोख पैसा कोणाच्याच हाती पडत नाही, आणि शुल्क तर रोखच भरायचे. ज्या गावाला महामार्ग खेटला तिथे बाजारमूल्याचा तक्ता वर चढलेला असतो. आजोबांनी पैसाही न घेता केलेला व्यवहार नातवाला त्या तक्त्याच्या दराने पुन्हा करावा लागतो.

याच कायद्यातली एक बारीक तरतूद मात्र फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. शंभर रुपयांपेक्षा कमी किमतीची स्थावर मिळकत असेल तर विक्री नोंदणीकृत दस्ताने करता येते, किंवा नुसता ताबा देऊनही. अदलाबदलीला विक्रीची रीत लागू, म्हणून हीही सोय लागू. शंभराचा आकडा १८८२मध्ये घातला, तो आजही तसाच आहे. आज शंभर रुपयांत शेताच्या कोपऱ्यातला दगडही मिळणार नाही, पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोरडवाहू माळाचा एखादा तुकडा त्या मर्यादेत बसत असे. म्हणजे ज्या जुन्या अदलाबदलींना आपण आज सरसकट ‘बेकायदा, तोंडी’ म्हणतो, त्यांतल्या काही त्या काळच्या कायद्यानेही पूर्ण होत्या. अडचण एवढीच, की पणजोबांच्या वेळी त्या तुकड्याची किंमत काय होती हे सांगायला आज साक्षीदार नाही.

इथे प्रदेशाचाही फरक पडतो. हा कायदा सुरुवातीला मुंबई इलाख्याला लागूच नव्हता, तो इकडे १ जानेवारी १८९३पासून लावण्यात आला. नागपूर आणि मध्य प्रांताचा इतिहास वेगळा, मराठवाडा तर निजामाच्या राज्यात, तिथला महसूल कायदा १३१७ फसलीचा. त्यामुळे एकाच मराठी मुलुखात, एकाच पद्धतीने बांधावर झालेल्या तीन अदलाबदली तीन वेगळ्या कायद्यांच्या तराजूत घालाव्या लागतात.

इंग्रजी कायद्यापूर्वी जमीन एका हातातून दुसऱ्या हातात जाताना काय लागत असे? याचे फार चांगले उत्तर विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेत आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात, बाराव्या शतकाच्या आगेमागे लिहिलेली ही याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका. पुढे महाराष्ट्रात हिंदू वारसाहक्काचा मुख्य आधार तीच होती. तीत एक जुने वचन घेतले आहे. त्याचा आशय असा: जमीन सहा गोष्टींनी हस्तांतरित होते. गावाची संमती, नातलगांची, शेजाऱ्यांची, वारसांची, आणि सोन्याचे व पाण्याचे दान. विज्ञानेश्वर हे वचन तसेच ठेवून पुढे जात नाही. यातली एकेक संमती कशासाठी, हे तो सांगतो. गावाची संमती व्यवहार उघड व्हावा म्हणून. शेजाऱ्यांची संमती पुढे हद्दीवरून वाद होऊ नये म्हणून. म्हणजे शेजारी नाही म्हणाला तर व्यवहार मोडला असा त्याचा अर्थ तो करत नाही. शेजारी हा त्याच्या लेखी साक्षीदार आहे. आज ज्याला आपण नोंदणी म्हणतो तिची दोन कामे, जाहीर करणे आणि हद्द पक्की करणे, तेव्हा गाव आणि बांधकरी करत होते.

या सगळ्यात शेजाऱ्यासाठी संस्कृत शब्द आहे ‘सामंत’. पुढे त्याचा अर्थ मांडलिक राजा असा झाला आणि आपल्याकडे ते आडनावही झाले, पण मूळ अर्थ ज्याची हद्द आपल्या हद्दीला लागते तो. कौटिल्यानेही जमीनविक्रीच्या प्रकरणात घेण्याचा पहिला मान नातलगांना दिला आहे, दुसरा सामंतांना आणि तिसरा धनकोंना. बाहेरचा त्यानंतर.

इंग्रजी अमलात ही साक्षीची व्यवस्था दप्तराकडे गेली. गावात लोक तसेच वागत राहिले. तलाठ्याकडे तोंडी वर्दी द्यायची, त्याने फेरफार धरायचा, आणि सातबाऱ्यावर नावे बदलायची, असे काही ठिकाणी अदलाबदलीच्या बाबतीतही झाले. ज्यांचे असे झाले त्यांना वाटते, आपले काम पक्के आहे. ते पक्के नसते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७नुसार अधिकार अभिलेखातली नोंद खरी मानायची, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. आणि फेरफाराने मालकी मिळत नाही, ती नोंद महसूल वसुलीसाठी असते, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. साध्या मुद्रांकावर किंवा कोऱ्या कागदावर लिहून अंगठे घेतलेली चिठ्ठी असेल तर ती नोंदणीअभावी मालकीचा पुरावा म्हणून चालत नाही. ताबा कसा आला, एवढे सांगायला फार तर उपयोगी पडते.

एकदा तर शासनानेच अदलाबदलीचा मोठा घाट घातला होता. १९४७चा तुकडेबंदी आणि तुकडेजोड कायदा. लोक त्याला ‘एकत्रीकरण’ म्हणतात, आणि गावात अजून ‘गट पडले तेव्हा’ असा काळाचा उल्लेख होतो. विखुरलेले तुकडे एकत्र आणायचे, सारख्या किमतीच्या जमिनी आपसांत फिरवायच्या, कमीजास्त असेल तिथे भरपाई द्यायची, आणि नवा गट क्रमांक द्यायचा. कल्पना चांगली होती. पण कित्येक गावांत कागदावर जमिनी फिरल्या आणि माणसे जागची हलली नाहीत. एकाला आपली काळी सोडून दुसऱ्याची मुरमाड घ्यायची नव्हती, दुसऱ्याला कळलेच नव्हते. नवे गट तयार झाले आणि वहिवाट जुन्याच शेतांत चालू राहिली. म्हणजे वर सांगितलेल्या गोष्टीच्या बरोबर उलटे. तिथे माणसांनी अदलाबदल केली आणि कागद मागे राहिला, इथे कागदाने केली आणि माणसे मागे राहिली. सातबाऱ्यावर दोन्हींचे चित्र मात्र एकसारखेच दिसते: नाव एकाचे, ताबा दुसऱ्याचा. एकत्रीकरणातली चूक दुरुस्त करायला कायद्यात वाट आहे, पण ती वाजवी मुदतीत धरायची असते. तीस-चाळीस वर्षांनी जागे झालेल्यांना न्यायालयांनी सहसा उभे केलेले नाही.

असे अर्धवट व्यवहार खेड्यातले अडाणी लोक करतात, असा एक समज शहरात आहे. त्याला उत्तर म्हणून मुंबईचे एक उदाहरण देण्यासारखे आहे, आणि ते थेट सर्वोच्च न्यायालयातून आलेले आहे. १८६५मध्ये मुंबई सरकारने तिथल्या नगरपालिकेला जुन्या बाजारांची जागा खाली करायला सांगितले आणि बदल्यात नव्या मंडईसाठी दुसरी जागा देण्याचा ठराव केला. मंडई सगळ्या लोकांच्या उपयोगाची, तेव्हा भाडे घ्यायचे कारण नाही, असेही त्या ठरावात होते. नगरपालिकेने जुनी जागा सोडली, नव्या जागेवर सुमारे १७ लाख रुपये खर्चून मंडई उभारली. तीच क्रॉफर्ड मार्केट, आजची महात्मा जोतिबा फुले मंडई. पण जमीन देण्याचा जो औपचारिक दस्त तेव्हाच्या कायद्याप्रमाणे सरकारने करून द्यायला हवा होता, तो कोणी केलाच नाही. एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला महापालिका, दोघांकडे वकील आणि कारकून यांची फौज, आणि व्यवहार बांधावरच्या व्यवहारासारखाच कच्चा.

पुढे पाऊणशे वर्षे काही झाले नाही. १९४०मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी त्या जागेवर सारा बसवला, सुरुवातीला साडेसात हजार रुपये आणि टप्प्याटप्प्याने पन्नास वर्षांत तीस हजारांपर्यंत. महापालिका न्यायालयात गेली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. १९५१मध्ये न्यायालयाने बहुमताने महापालिकेच्या बाजूने निकाल दिला. त्यातली विचाराची दिशा आपल्या विषयाला फार जवळची आहे. जमीन देण्याचा व्यवहार रीतसर झाला नाही, म्हणून त्या व्यवहाराने महापालिकेला हक्क मिळाला नाही. परंतु ज्याअर्थी त्या व्यवहाराने हक्क मिळाला नाही, त्याअर्थी महापालिका त्या जागेवर बसली ती कायद्याने पाहता सरकारच्या हक्काविरुद्धच बसली. उघडपणे, सलग, हक्काने, सत्तर वर्षांहून अधिक काळ. म्हणून ठरावात कबूल केलेला भाडेमुक्तीचा हक्क तिला दीर्घ ताब्याने मिळाला. एका न्यायमूर्तींना हे पटले नाही, त्यांनी भिन्नमत दिले. दुसऱ्या एकांनी निकाल मान्य केला, पण वेगळ्या आधारावर: ज्याच्या शब्दावर दुसऱ्याने एवढा खर्च केला, त्याला नंतर शब्द फिरवता येत नाही.

माझ्या मते गावातल्या अदलाबदलीला हा दुसरा आधार अधिक शोभतो. पण वकील सहसा पहिला धरतात, कारण त्याला मुदतीच्या कायद्याचा आधार आहे. खासगी जमिनीवर बारा वर्षे प्रतिकूल ताबा असला तर मूळ मालकाचा दावा बुडतो. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेही स्पष्ट केले, की असा ताबेदार केवळ बचावात नव्हे, तर स्वतः दावा लावूनही हा हक्क मागू शकतो. त्यामुळे अदलाबदलीच्या भांडणात ही मागणी आता सर्रास दिसते. तिची किंमत मात्र पाहण्यासारखी आहे. प्रतिकूल ताबा सिद्ध करायचा तर मी शेजाऱ्याच्या हक्काला न जुमानता, त्याच्या विरोधात ही जमीन धरून बसलो होतो, असे शपथेवर सांगावे लागते. ज्या दोघांनी एकमेकांच्या सोयीसाठी शेते बदलली, त्यांच्या नातवांनी न्यायालयात उभे राहून आपल्या आजोबांना एकमेकांचे वैरी ठरवायचे. आणि विरुद्ध बाजूचा वकील विचारणारच: अदलाबदल तर राजीखुशीने झाली म्हणता, मग ताबा विरोधाचा कसा? बरे, जिंकला तर जिंकणारा एकच. त्याने सोडलेल्या जमिनीसाठी दुसऱ्याला पुन्हा वेगळा दावा लावावा लागतो.

‘सलोखा’ या नावाचे कारण इथे सापडते. या योजनेतही बारा वर्षेच मोजतात. पहिल्याच्या जमिनीचा ताबा दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याच्या जमिनीचा पहिल्याकडे, किमान बारा वर्षे. फक्त ती मोजायची एकमेकांविरुद्ध नव्हे, एकमेकांच्या संमतीने. दोघांनी तलाठ्याकडे अर्ज करायचा, तलाठी आणि मंडल अधिकारी जागेवर जाऊन चौकशी करतात, पंचनामा करतात आणि ताब्याचे प्रमाणपत्र देतात. ते अदलाबदलीच्या दस्ताला जोडायचे. मुद्रांक शुल्क एक हजार रुपये, नोंदणी फी एक हजार रुपये. दोन जमिनींच्या क्षेत्रात फरक असला तरी चालतो. योजना फक्त शेतजमिनीला आहे, बिगरशेती, रहिवासी आणि व्यापारी जागांना नाही. नव्याने अदलाबदल करू पाहणाऱ्यालाही नाही, त्याने नेहमीचे शुल्क भरावे. मुदत आधी दोन वर्षांची होती, पुढे ती वाढवण्यात आली.

पंचनाम्यात चतुःसीमेच्या शेतकऱ्यांच्या सह्या घ्यायच्या असतात. लगतच्या बांधकऱ्यांनी सांगायचे, की होय, इतकी वर्षे हे शेत हा माणूस कसतो. योजना आखणाऱ्यांनी मिताक्षरा उघडली असेल असे मला वाटत नाही, तरी विज्ञानेश्वराचा सामंत साक्षीदार म्हणून परत आला तो असा.

वारसांची संमतीही परत आली, आणि योजनेची खरी परीक्षा तिथे आहे. अदलाबदल दोन कर्त्यांनी केली होती. आज त्या दोघांच्या सातबाऱ्यांवर मिळून वीस-वीस नावे असतात. सख्खे, चुलत, त्यांच्या विधवा, आणि मुली. महाराष्ट्राने १९९४मध्ये आणि केंद्राने २००५मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, आणि ११ ऑगस्ट २०२०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यावरचे संशय दूर केले. तेव्हा दस्तावर सगळ्या बहिणींच्या आणि आत्यांच्या सह्या हव्यात. पुष्कळ घरांत बहिणीला ही अदलाबदल ठाऊकच नसते. तिच्या आठवणीतले वडिलांचे शेत आणि तिच्या नावावर असलेले शेत ही दोन वेगळी शेते आहेत, हे तिला सहीसाठी फोन येतो तेव्हा कळते. मग ती विचारते, आपण दिले त्याची किंमत काय आणि घेतले त्याची काय? प्रश्न योग्यच असतो. आजोबांच्या वेळी समान असलेल्या दोन शेतांपैकी एकाच्या कडेने आज डांबरी रस्ता गेलेला असतो. त्यावर काही भाऊ सोपा उपाय काढतात, सहीसोबत हक्कसोडपत्रही करून घेऊ. भाऊबीजेचा आणि हक्कसोडपत्राचा हंगाम पुष्कळ घरांत एकच असतो, हे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर बसणारा कोणीही लेखनिक सांगेल. पण अदलाबदलीला हक्क सोडण्याची गरज नाही. बहिणीचा हिस्सा १४२मध्ये होता तो १५७मध्ये जातो, नाहीसा होत नाही. सही मागायला येणाऱ्याने हे सांगितले नाही, तर सही करणारीने विचारून घ्यावे.

दोन शेजारी बरोबरीचे नसतील तर? ‘राजीखुशीने अदलाबदल’ या शब्दांखाली काय काय झाले आहे, हे ठाणे, धुळे, गडचिरोलीकडच्या आदिवासी गावांना विचारावे. ओढ्याकाठची जमीन सावकाराकडे गेली आणि बदल्यात डोंगरउताराची आली, तीही कधी कधी कागदावरच. म्हणूनच १९७४ साली केलेल्या जमीन परत देण्याच्या कायद्यात १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातली आदिवासींकडून बिगर-आदिवासींकडे झालेली जी हस्तांतरणे तपासायची होती, त्यांत विक्री, दान, गहाण यांच्या जोडीला अदलाबदलही स्पष्टपणे घातली गेली. महसूल संहितेच्या कलम ३६-अनुसार अशा व्यवहाराला आजही पूर्वमान्यता लागते. वर्ग दोनच्या जमिनींनाही सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. सलोख्याचा एक हजाराचा मुद्रांक लावला म्हणून या अटी सुटत नाहीत. त्या सुटू नयेत, असेच मला वाटते. बारा वर्षांचा ताबा हा काही ठिकाणी शेजारधर्माचा पुरावा असतो आणि काही ठिकाणी बारा वर्षे चाललेल्या दडपणाचा. पंचनाम्यावर सही करणारे बांधकरीही त्याच सावकाराचे देणेकरी असू शकतात.

कलम ११९चा उल्लेख राहिला होता. अदलाबदलीत मिळालेली जमीन समोरच्याच्या हक्कातल्या दोषामुळे हातची गेली, तर नुकसानभरपाई मागता येते, किंवा आपण दिलेली जमीन त्याच्याकडे, त्याच्या वारसाकडे वा फुकट घेतलेल्या माणसाकडे शिल्लक असेल तर ती परत मागता येते. विक्रीत पैसे बुडतात, इथे आपले शेत परत मिळण्याची शक्यता उरते. दस्तात उलट काही लिहिले नसेल तरच, म्हणून छापील मसुद्यातली ‘यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही’ ही ओळ वाचल्याशिवाय अंगठा देऊ नये.

दस्त झाला की फेरफार, फेरफार झाला की नवे सातबारे. पण गटावरचा बोजा गटाबरोबरच राहतो. १४२वर विकास सोसायटीचे कर्ज असेल तर ते फिटलेले नसताना शेजारी त्या गटाचा मालक होतो, आणि कर्ज घेणाऱ्याच्या नावावर १५७चा कोरा उतारा येतो. म्हणून जाणते दस्तलेखक दोन्ही बाजूंना आधी सोसायटीचा बेबाकी दाखला आणायला लावतात. मग विहिरीतला हिस्सा, पाण्याची पाळी, वीजमोटरची जोडणी कोणाच्या नावावर, पाइपलाइन कोणाच्या शेतातून जाते, गाडीवाट किती फुटांची, आणि बांधावरचा आंबा कोणाचा, हे एकेक विचारून लिहून घेतात. यातल्या आंब्यावरच बहुतेक वेळा सगळ्यात जास्त वेळ जातो.